कोकणच्या वाऱ्यात सरळ जाणारा बाण: शाफ्ट, पॉइंट, पिसं आणि नॉक कसे निवडावेत

तिरंदाजी शिकणाऱ्या मुलाच्या घरी सगळी चर्चा धनुष्याची होते. रायझर (मधला मुठीचा भाग) कुठला, लिंब (वर-खाली वाकणारे हात) किती पौंडांचे, साइट (नेम धरायचं साधन) आत्ताच घ्यायची की पुढच्या वर्षी. बाण मात्र दुकानात असतील ते, डझनाच्या भावाने. हा क्रम चुकीचा आहे असं मी ठामपणे सांगेन. साध्या धनुष्याला जुळणारे बारा एकसारखे बाण मिळाले की ग्रुप, म्हणजे टार्गेटवर लागलेल्या बाणांचा घोळका, लहान होत जातो. महागड्या धनुष्यावर बेमेळ बाण चढवले, तर कितीही सराव केला तरी तो विखुरलेलाच राहतो.

२०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत अदिती स्वामी आणि ओजस देवतळे या महाराष्ट्राच्या दोन तिरंदाजांनी कंपाउंड (चाकं असलेल्या धनुष्याच्या) प्रकारात वैयक्तिक सुवर्ण जिंकलं. तेव्हापासून पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंत चौकशी करणारे पालक भेटतात. त्यांच्यासाठी आणि स्वतःचे बाण स्वतः जोडू पाहणाऱ्या प्रत्येकासाठी हे लिहितो आहे. शाफ्ट म्हणजे बाणाची दांडी, पॉइंट म्हणजे पुढचं टोक, नॉक म्हणजे दोरीत अडकणारा मागचा खाचेचा तुकडा. आपल्याकडे तीन गोष्टी बाणाची निवड बदलतात: दुपारचा खारा वारा, बारमाही दमट हवा आणि सड्यावरचा जांभ्याचा कातळ.

आधी एक महत्त्वाची गोष्ट. इंटरनेटवर बाण शोधायला गेलात की बहुतेक माल 'हंटिंग ॲरो' म्हणून दिसतो. भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे आणि शिकारीचा नुसता प्रयत्न किंवा फास लावणं हेही त्या व्याख्येत येतं. रानडुकरांनी भात तुडवलं, माकडांनी बाग ओरबाडली तरी बाण हा त्यावरचा मार्ग नाही; वन विभागाकडे कळवून पंचनामा करून घ्या आणि भरपाईचा अर्ज करा. पात्यांचे शिकारी पॉइंट विकत घेऊ नका. ते टार्गेटच्या चिंध्या करतात, स्पर्धेत चालत नाहीत आणि हाताळताना बोटं कापतात. पण शिकारी बाणामागचं तोलाचं शास्त्र शिकण्यासारखं आहे. पुढची पाती हवेत छोट्या पंखांसारखी वागतात आणि बाणाला भरकटवतात, म्हणून तो बाण पुढे जड ठेवतात आणि मागची पिसं मोठी घेतात. आपल्याला पाती नकोत. पुढच्या वजनाचा हिशोब मात्र हवा.

पहिली पायरी: धनुष्य मोजा, त्यावर छापलेला आकडा वाचू नका

रिकर्व (टोकं पुढे वळलेल्या) धनुष्याच्या लिंबवर लिहिलेले पौंड हे २८ इंच ड्रॉला, म्हणजे दोरी ओढण्याच्या लांबीला, धरलेले असतात. तुमचं मूल २६ इंचच ओढत असेल तर बोटांवर येणारं वजन त्यापेक्षा कमी असतं. इंचामागे साधारण दोन पौंडांचा फरक धरा. सामान मोजायचा डिजिटल हुक-काटा दोरीला अडकवून पूर्ण ड्रॉपर्यंत ओढला की खरा आकडा मिळतो.

बाणाची लांबी ठरवायला एक लांब, न कापलेला बाण लावून पूर्ण ड्रॉ घ्या. बाणाचं तोंड टार्गेटकडेच असू द्या. बाजूला उभ्या असलेल्या सोबत्याने बटनाच्या (बाणाला बाजूने टेकणाऱ्या स्प्रिंगच्या खुंटीच्या) रेषेत शाफ्टवर खूण करावी. कोणीही समोर उभं राहायचं नाही. त्या खुणेपुढे मोठ्यांसाठी एक इंच आणि वाढत्या वयाच्या मुलांसाठी दोन इंच जास्त ठेवा. मूल उंच झालं की ड्रॉ वाढतो, आणि आखूड बाण रेस्टवरून (बाण टेकवायच्या आधारावरून) मागे घसरला तर थेट हातात घुसतो. ही दोन इंचं वाचवायला जाऊ नका.

दुसरी पायरी: स्पाइन

स्पाइन म्हणजे शाफ्टचा ताठरपणा. २८ इंच अंतराच्या दोन आधारांवर शाफ्ट ठेवून मधोमध ८८० ग्रॅम वजन टांगायचं. शाफ्ट अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर वाकला तर त्याचा स्पाइन ५००. आकडा जितका मोठा तितका शाफ्ट लवचीक, लहान तितका ताठ. नवे तिरंदाज हे उलटं समजून चुकीचा माल मागवतात.

बोटांनी सोडलेली दोरी सरळ पुढे जात नाही, थोडी बाजूला सरकते. त्यामुळे बाण सुटताना आधी वाकतो, मग उलट्या बाजूला वाकतो आणि असा लवलवत धनुष्याच्या कडेने निघून जातो. ही लवलव धनुष्याच्या जोराला जुळली पाहिजे. फार ताठ बाण नीट वाकत नाही, रेस्टला घासतो. फार लवचीक बाण बाजूला फेकला जातो.

बोटांवर ३० पौंड येणाऱ्या रिकर्वला २८ इंचांचा बाण घेतलात तर बहुतेक कंपन्यांची कोष्टकं ७०० ते ८०० च्या आसपासचा स्पाइन सुचवतात. ऑनलाइन सहज मिळणारे ३४० किंवा ४०० स्पाइनचे शिकारी शाफ्ट ६०-७० पौंडांच्या कंपाउंडसाठी बनलेले असतात. ते शाळकरी मुलाच्या धनुष्यावर चढवले की मूल महिनोन्महिने स्वतःच्या रिलीजमध्ये (दोरी सोडण्याच्या पद्धतीत) दोष शोधत बसतं, आणि दोष शाफ्टमध्ये असतो. याचा मला फार राग येतो, कारण नुकसान पैशांपेक्षा मुलाच्या उमेदीचं होतं.

छापील स्पाइन ही फक्त सुरुवात. शाफ्ट लांब ठेवला तर तो जास्त लवचीक वागतो, कापला तर ताठ. पॉइंट जड केला तर लवचीक, हलका केला तर ताठ. म्हणजे तोल बदलायला पॉइंटला हात लावलात की स्पाइनही हलतो. या दोन गोष्टींचा विचार वेगवेगळा करताच येत नाही.

तिसरी पायरी: पुढचं वजन, म्हणजे एफओसी

बाणाचा तोलबिंदू मध्यापासून किती पुढे आहे हे टक्क्यांत सांगतात, त्याला एफओसी म्हणतात. मोजायला काट्याचीही गरज नाही. पॉइंट, नॉक, पिसं सगळं लावलेला बाण पट्टीच्या धारेवर तोला आणि खूण करा. नॉकच्या खाचेपासून शाफ्टच्या पुढच्या टोकापर्यंतची लांबी मोजा. बाहेर आलेला पॉइंट त्यात धरायचा नाही. मग खाचेपासून तोलबिंदूपर्यंतचं अंतर मोजा.

समजा लांबी ७२ सेंटिमीटर आहे आणि तोलबिंदू ४५ वर आला. लांबीचा अर्धा भाग ३६. फरक ९. नऊला ७२ ने भागून शंभराने गुणलं की १२.५ टक्के.

ऑलिम्पिक पद्धतीच्या रिकर्वला ११ ते १६ टक्के, फील्ड तिरंदाजीला १० ते १५ टक्के, शिकारी बाणालाही १० ते १५ टक्के हे सर्वमान्य आडाखे आहेत. जवळच्या अंतरावर, वारा नसलेल्या हॉलमध्ये यापेक्षा कमी-जास्त चालून जातं. समुद्राच्या बाजूच्या मैदानात मी रिकर्वसाठी १३ ते १५ च्या दरम्यान राहायला सांगेन. तोलबिंदू पुढे असला की पिसांना लांब तरफ मिळते आणि ती बाणाला लवकर सरळ करतात.

तोल वाढवायचा म्हणजे जड पॉइंट घालायचा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धवट आहे. वरच्याच बाणाचं एकूण वजन ३३० ग्रेन धरा (१५.४३ ग्रेन म्हणजे एक ग्रॅम). पुढे २० ग्रेन वाढवले तर तोलबिंदू साधारण ४६.५ वर जातो आणि एफओसी १४.६ टक्के होतं. आता पॉइंट तसाच ठेवून मागे फक्त १० ग्रेन वाढवा: जाड वेन (प्लास्टिकची पिसं), भारी नॉक, वर रंगीत रॅप (शाफ्टवर गुंडाळायचं वेष्टन). एफओसी १२.५ वरून १०.७ पर्यंत खाली येतं. कारण शेपूट तोलबिंदूपासून ४३ सेंटिमीटर लांब आहे आणि टोक फक्त २७. मागचा एक ग्रेन पुढच्या दीड ग्रेनला भारी पडतो. म्हणून माझा सल्ला: तोल कमी वाटला तर आधी शेपूट हलकी करा, पॉइंटकडे नंतर वळा. शेपूट हलकी केल्याने बाण जड होत नाही आणि साइट खाली आणावी लागत नाही.

जड पॉइंटची किंमत अंतरात मोजावी लागते. बोटांवर २८ पौंड घेणाऱ्या मुलाला ७० मीटरवर बाण पोचवतानाच साइट अगदी तळाला न्यावी लागते. तिथे १२० ग्रेनचा पॉइंट घातला तर बाण पोचणारच नाही. अशा मुलाला आधी हलका शाफ्ट आणि हलकी शेपूट द्या, पॉइंट ८०-९० वर ठेवा. ताकद वाढली की वजन वाढवता येतं. तुकडे मोडून वजन कमी करता येणारे पॉइंट मिळतात. ते घेणार असाल तर सगळ्यात जड वजनापासून सुरुवात करा, कारण मोडलेला तुकडा परत लागत नाही.

कंपाउंडवाल्यांनी आणखी एक मर्यादा पाळावी. ड्रॉ वेटच्या प्रत्येक पौंडामागे बाणाचं वजन किमान पाच ग्रेन हवं. ५० पौंडांच्या धनुष्याला २५० ग्रेनपेक्षा हलका बाण लावला तर सगळा जोर बाणाऐवजी लिंब आणि केबलमध्ये जातो. बाणाशिवाय रिकामी दोरी सोडण्याच्या जवळ जाणारा तो प्रकार आहे.

चौथी पायरी: शाफ्टची जाडी आणि वारा

आपल्या किनाऱ्यावर उघडीपीच्या महिन्यांत पहाटे मतलई वारा असतो, मग थोडा वेळ हवा पडते, आणि दुपारकडे समुद्रावरून खारा वारा सुरू होतो. मैदान उत्तर-दक्षिण असेल तर तो बाणाला थेट बगलेतून लागतो. बगलेच्या वाऱ्यात जाड शाफ्टला ढकलायला जास्त पृष्ठभाग मिळतो. जागतिक नियमांत शाफ्टचा व्यास ९.३ मिलिमीटरपर्यंत चालतो. हॉलमध्ये १८ मीटरवर रेषेला टेकून गुण मिळवायला जाड शाफ्ट उपयोगी पडतात. बाहेर ५० आणि ७० मीटरसाठी मात्र जमेल तितका बारीक कार्बन घ्या. काही वरच्या दर्जाचे शाफ्ट मध्ये जाड आणि दोन्ही टोकांकडे निमुळते असतात, ईस्टनचा एक्स-टेन हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. नवशिक्याला त्याची गरज नाही.

शाफ्टची किंमत मुख्यतः सरळपणावर ठरते. पाकिटावर ०.००१, ०.००३, ०.००६ इंच असे आकडे असतात. पहिली दोन वर्षं ०.००६ पुरे. उरलेल्या पैशांत अर्धा डझन बाण जास्त घ्या, कारण आपल्या मैदानांवर ते मोडतात.

अ‍ॅल्युमिनियमचा शाफ्ट हॉलसाठी छान असतो. खाऱ्या हवेत मात्र त्यावर बारीक खड्डे पडतात आणि दगडावर आदळला की वाकतो. कार्बन वाकलेला राहत नाही, तो एकतर शाबूत असतो किंवा तडकलेला. याबद्दल पुढे सांगतो, कारण तडकलेला कार्बन फार धोकादायक आहे.

पाचवी पायरी: पिसं आणि वेन

तीन वेन, एकमेकींपासून १२० अंशांवर. रिकर्वला मायलरच्या वळलेल्या हलक्या पट्ट्या किंवा पावणेदोन इंचांच्या मऊ प्लास्टिक वेन. कंपाउंडला दोन इंचांच्या आसपासच्या जरा ताठ वेन. वेन शाफ्टच्या रेषेला एक ते तीन अंश तिरकी लावली की बाण स्वतःभोवती फिरतो आणि शाफ्टमधला बारीकसा वाकडेपणा झाकला जातो. सगळ्या बाणांवर तिरकेपणा एकाच दिशेने हवा. मोठी वेन बाणाला लवकर सावरते, पण वाराही जास्त पकडते आणि वेग खाते. १८ मीटरवर मोठी चालते, ७० वर नाही.

बांबूच्या किंवा शेल्फवरून (मुठीवरच्या कपारीवरून) सोडायच्या धनुष्याला खरी पिसंच हवीत. प्लास्टिक धनुष्याला आपटून बाण उडवतं, पीस दबून निघून जातं. पिसांचा शत्रू पाऊस. भिजून बसलेलं पीस बाण सावरत नाही, म्हणून जून ते सप्टेंबर पिसांचे बाण आडोशाला वापरा.

वेन कुठे घासते आहे का हे बघायला शेपटीला आणि रेस्टला टाल्कम पावडर लावून एक बाण मारा. पावडरीवर ओरखडा दिसेल तिथे स्पर्श होतो आहे. बऱ्याचदा नॉक थोडा फिरवला की तो सुटतो.

चिकटवताना आपल्याकडची दमट हवा आडवी येते. शाफ्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या, मग बोट लावू नका. झटपट चिकटणारा डिंक दमट हवेत लवकर घट्ट होतो आणि कडेला पांढरी पूड सोडतो. म्हणून अगदी पातळ रेघ द्या आणि हे काम कोरड्या दिवशी करा.

नॉक, इन्सर्ट आणि कापणी

नॉक दोरीवर हलका 'टक्' होऊन बसावा. बाण दोरीला लटकू द्या आणि दोरीवर टिचकी मारा; बाण सुटून पडला पाहिजे. टिचकीशिवाय पडला तर नॉक सैल आहे, जोरात मारूनही निघाला नाही तर घट्ट. घट्ट नॉक प्रत्येक बाण थोडा ओढून धरतो आणि टार्गेटवर बाण वर-खाली लागतात. नॉक बदलण्याऐवजी दोरीच्या मधल्या सर्व्हिंगचा (दोरीभोवतीच्या गुंडाळीचा) धागा बारीक किंवा जाड घेतला तरी चालतं.

कार्बन हॅकसॉने कापू नका, त्याचे तंतू फाटतात. वेगाने फिरणाऱ्या घासचाकावर कापा, नाकावर मास्क आणि डोळ्यांवर चष्मा लावून. कार्बनची धूळ फुप्फुसाला वाईट. कापलेलं तोंड काटकोनात घासून घ्या. इन्सर्ट (पॉइंट बसवायला शाफ्टमध्ये घालतात तो तुकडा) किंवा पॉइंट तिरका बसला तर बाकीची सगळी मेहनत वाया जाते. बसवल्यावर बाण दोन बोटांच्या नखांवर फिरवून बघा. टोक थरथरलं तर काढून पुन्हा बसवा.

हॉट-मेल्टने पॉइंट बसवताना ज्योत पॉइंटला दाखवा, शाफ्टला कधीही नाही. उष्णतेने कार्बनमधलं राळेचं बंधन कमजोर होतं. आणि मे महिन्यात बाणांचा डबा बंद गाडीत उन्हात ठेवू नका. डिंक मऊ होतो, पॉइंट टार्गेटमध्येच राहतो आणि शाफ्ट एकटा बाहेर येतो.

बारा बाण एकसारखे करणं

सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. तयार बाण तोला, वजन शाफ्टवर पेन्सिलीने लिहा आणि वजनाप्रमाणे ओळीत लावा. मधले सहा-आठ बाण स्पर्धेसाठी, दोन्ही टोकांचे सरावासाठी. दोन-तीन ग्रेनच्या आत राहिलात तर शिकणाऱ्यासाठी उत्तम.

स्पाइन तपासायचं साधन घरी बनतं. फळीवर ७१.१ सेंटिमीटर अंतराने दोन खाचा असलेले खुंटे आणि वाळू भरून बरोबर ८८० ग्रॅम केलेली बाटली. शाफ्ट कापण्याआधी प्रत्येक शाफ्ट हळूहळू फिरवत किती वाकतो ते बघा. एका बाजूला तो जरा जास्त ताठ लागेल. तिथे खूण करा आणि बाराही बाणांवर ती खूण नॉकच्या खाचेच्या संदर्भात एकाच जागी ठेवा. स्वस्त शाफ्ट महागाच्या जवळ नेण्याचा याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

स्पर्धेच्या नियमांनुसार एका फेरीतल्या बाणांची पिसं, नॉक आणि रंग सारखे हवेत आणि प्रत्येक शाफ्टवर तिरंदाजाचं नाव किंवा आद्याक्षरं हवीत. हे घरीच करून जा.

शेवटची परीक्षा: बिनपिसांचा बाण

वारा पडलेल्या वेळी, म्हणजे आपल्याकडे सकाळी लवकर, १८ ते २० मीटरवर तीन पिसांचे आणि दोन बिनपिसांचे बाण एकाच बिंदूवर मारा. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्या रिकर्व तिरंदाजाचा बिनपिसांचा बाण डावीकडे गेला तर बाण ताठ आहे. उजवीकडे गेला तर लवचीक. डावखुऱ्यांचं उलट. बिनपिसांचा खाली लागला तर दोरीवरचा नॉकिंग पॉइंट (नॉक अडकवायची जागा) थोडा खाली घ्या, वर लागला तर वर घ्या. डावी-उजवी बघण्याआधी ही उंची नीट करा.

बाण ताठ निघाला तर पॉइंट १० ग्रेनने वाढवा. तोलही पुढे सरकेल. लवचीक निघाला तर पाव-पाव इंचाने कापा, पण सुरक्षित लांबीची खूण ओलांडायची नाही. एका वेळी एकच बदल करा आणि वहीत लिहा. पॉइंट, बटनाची स्प्रिंग आणि लांबी एकाच संध्याकाळी बदलली तर कशाने काय झालं हे कळणार नाही.

बांबूचे बाण

इंडियन राउंडचे मुलगे-मुली बांबूच्या धनुष्याने ३० आणि ५० मीटर खेळतात, आणि आपल्या जिल्ह्यांत बांबूची कमतरता नाही. बांबूचं धनुष्य मध्यभागी कापलेलं नसतं, बाणाला त्याच्या जाडीला वळसा घालून जावं लागतं. म्हणून इथे बाण त्याच पौंडांच्या रिकर्वपेक्षा जास्त लवचीक लागतो. लाकडी किंवा बांबूचा बाण निवडताना वजन आणि वाक दोन्ही तपासा. एकाच बेटातल्या काठ्याही सारख्या निघत नाहीत. जाड बाजू पुढे ठेवली की तोल आपोआप पुढे येतो. विस्तवाच्या धगीवर सरळ करून तेल किंवा वार्निश द्या, आणि पावसाळ्यानंतर पुन्हा एकदा सरळपणा बघा, कारण बांबू ओल पितो आणि वाकतो.

कातळ, ओल आणि मीठ

सड्यावर सराव करत असाल तर टार्गेटमागे भाताच्या पेंढ्याचे जाड गठ्ठे किंवा मातीचा बांध हवाच. चुकलेला बाण जांभ्यावर आदळला की कार्बनमध्ये न दिसणारी चीर पडते. असा बाण पुढच्या वेळी सुटताना फुटला तर त्याचे तुकडे धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. दगडाला लागलेला प्रत्येक बाण पुन्हा वापरण्यापूर्वी शरीरापासून लांब धरून हलका वाकवा, फिरवत फिरवत सगळ्या बाजूंनी. करकर ऐकू आली, कुठे मऊ लागलं किंवा बोटाला तंतू टोचला तर तो बाण तिथेच मोडून टाका. दुसऱ्याला देऊ नका, घरच्या भावंडालाही नाही.

पॉइंट स्टेनलेसचे घ्या. साधं पोलाद खाऱ्या हवेत पावसाळ्याआधीच गंजतं आणि गंजलेला पॉइंट पेंढ्यात अडकतो. सराव संपला की बाण गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसा, सुके करा आणि डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवून उभे ठेवा. बाण उपटताना एक हात टार्गेटवर, दुसरा शाफ्टवर टार्गेटच्या अगदी जवळ धरा आणि सरळ रेषेत ओढा. मागे कोणी उभं नाही ना हे आधी बघा, कारण अचानक निघालेल्या बाणाचा नॉक मागच्याच्या डोळ्याच्या उंचीवर येतो. उपटलेला प्रत्येक नॉक नखाने चाचपा. खाचेच्या कडेला चिरीची शंका आली तरी बदलून टाका, आणि त्यासाठी पाच-सहा सुटे नॉक कायम क्विव्हरच्या (भात्याच्या) खिशात असू द्या.